रकाना सातवा

कोर्टाच्या कंपाउंडबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
माझं टेबल. अर्ज लिहून देतो,
कानडीत, मराठीत, लागेल त्या भाषेत,
पानाला चाळीस रुपये. रडणाऱ्याला सवलत नाही,
कारण रडणारेच येतात.

यल्लूबाई होनगेकर मंगळवारी आल्या, वडगावहून.
पिशवीत पावती, पावतीला प्लॅस्टिक,
आणि कानामागे यंत्र. बंद.
बंद आहे तर घातलंय कशाला?
मी ओरडून विचारलं. टपरीवाल्याचा हात मशीनवरच थांबला.
"कशाला ओरडालास? हळू बोल.
तोंड दिसतंय की मला."

छत्तीस वर्षं पॉवरलूमवर,
एका शेडमध्ये चोवीस माग.
तिथे सगळ्याच बायका ओठ वाचायच्या.
कुणाची सून दिवसांत आहे, कुणाचा पगार कापला,
खटखटीच्या पोटात एक मुकी गल्ली चालायची,
ओठांवर कानडी, ओठांवर मराठी,
आवाज तेवढा लोखंडाचा.

यंत्र सहा वर्षांमागचं. अडतीस हजार,
दोन भिश्या उचलून.
पहिल्या दिवशी काय ऐकलं, मी विचारलं.
(अर्जात हे लागत नाही.)
"फोडणी," म्हणाल्या.
"मोहरी एवढं बोलते, विसरलेच होते मी."

आता दुकानदार म्हणतो, मॉडेल गेलं.
कंपनी म्हणते, पार्ट येत नाही.
खडेबाजारातल्या घड्याळजीनं भिंग लावून बघितलं.
केसाएवढी तार सुटलीय,
पण उघडायचं हत्यार कंपनी कुणाला विकत नाही.
नवं घ्या, जुन्याचे हजार कमी करू.
"आमचा धोटा मोडला तर सुतार नवा करून द्यायचा,
कुठल्या कंपनीला विचारत नव्हता," म्हणाल्या,
आणि मग, मी विसरलो होतो त्या प्रश्नाला:
"नाही घातलं तर माणसं बोलायचंच सोडतात रे."

लिहायला घेतलं.
वॉरंटी दोन वर्षं, संपली. लपवलं नाही,
कंपनीचा वकील तिथूनच सुरुवात करणार.
वॉरंटी संपली म्हणून वस्तूला मरायची मुभा मिळत नाही,
असं लिहिलं, आणि खोडलं.
वर लिहिलं: सुटा भाग न पुरवणे ही सेवेतील त्रुटी.
खोडलेल्यातच जीव होता.

रकाना सातवा. तक्रारीचं कारण केव्हा घडलं?
दोन वर्षांच्या आतलं पाहिजे, नाहीतर अर्ज बाद.
मी विचारलं, हळू, ओठ सुटे करून.
त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या,
जणू प्रश्न अजून संपायचा होता.
"दोन मागांच्या मधी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा.
ब्याऐंशी साल. श्रावण. लिही."

मी लिहिलं, अकरा मार्च,
दुकानदारानं दुरुस्ती नाकारली तो दिवस.
तीच तारीख चालते.
चाळीस रुपये त्यांनी मोजून दिले, सुट्टे.

पहिल्या सुनावणीला मीही गेलो, धंदा बुडवून.
वकील बेंगळुरूहून पडद्यावर आला.
चित्र अडखळायचं, ओठ एकीकडे, आवाज एकीकडे,
त्यात इंग्रजी.
यल्लूबाई पडद्याकडे बघत होत्या,
ताणा तुटल्यावर टोक शोधतात तशा.
"काय म्हणतोय?"
मुदत मागतोय, मी सांगितलं.
"किती?"
ते मलाही ऐकू आलं नव्हतं.

तारीख पडली. शिपायानं ती कानडीत सांगितली,
फायलींत मान घालून, पाठ आमच्याकडे.
त्या उठल्या, टेबलाला वळसा घातला,
आणि त्याच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या.
"ईग हेळप्पा," म्हणाल्या,
"आता सांग."